आम्ही वर्ध्याच्या

ताईने ग्लास दोन्ही हातांनी धरला, गरम दुधाचा पेला धरावा तसा. नाकाजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ आणला. "काय वं छोटे, पेरूसारखा वास येऊन राहिला," म्हणाली. मला इतका आनंद झाला की समोरची सांबारवडी गार होतेय हेही विसरले. वास तिला मी सांगितला नव्हता. तिचा तिनेच शोधला होता.

जानेवारीतल्या शनिवारची रात्र. नागपूर, शंकरनगरच्या बाजूचं एक बऱ्यापैकी रेस्टॉरंट. टेबलावर आम्ही दोघी बहिणी आणि मधे नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनची एक बाटली. ताई गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. निरोप समारंभ, शाल, श्रीफळ सगळं झालं. मी तिला म्हटलं, आता दोन दिवस माझ्यासोबत नागपूरला चल. लग्नाला नको, दवाखान्यात नको, कोणाच्या तेराव्याला नको. नुसतं जेवायला चल. तिला ते पटायला पाच महिने लागले.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या. आमच्याकडे १९७४पासून दारूबंदी आहे आणि माझा जन्मही त्याच वर्षीचा. गांधीजी १९३६मध्ये सेवाग्रामला येऊन राहिले, त्या जिल्ह्यात दारूचं दुकान नसावं ही भावना त्यामागे होती, आणि ती मला आजही मोलाची वाटते. पण बंदीच्या गावात वाढलेल्या मुलींना दारू म्हणजे काय ते कळत नाही, असं मात्र कोणी समजू नये. आम्हाला ती फार लवकर कळली, फक्त तिचं एकच रूप कळलं. नाल्याच्या काठी पुरलेलं मडकं, मोहसडव्याचा, म्हणजे सडवलेल्या मोहफुलांचा उग्र वास, संध्याकाळी अंगणात पडलेला माणूस आणि त्याच्या बायकोचा आवाज. ताईची पहिली नेमणूक हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात होती. तिच्या वर्गातला एक मुलगा रोज पहिल्या तासाला झोपायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, बाप रात्री घरात धिंगाणा घालतो म्हणून तो आणि त्याची आई शेजारच्या गोठ्यात बसून रात्र काढतात. त्या गावच्या बायकांनी पुढे एक दिवस नाल्यावर जाऊन मडकी फोडली. ताई त्यांच्यात होती. साडीला लागलेला तो वास तीन धुण्यांतही गेला नाही, असं ती अजून सांगते.

अशा बाईसमोर मी वाईनची बाटली ठेवत होते. म्हणून तो पेरूचा वास माझ्यासाठी मोठा होता.

माझा या गोष्टीशी संबंध आला मुलामुळे. त्याला नाशिकला नोकरी लागली. एका फेब्रुवारीत आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडे गेलो, तर तो आम्हाला गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षांचे मळे दाखवायला घेऊन गेला. मी बाजारातलीच द्राक्षं पाहिलेली, लांबट, हिरवी, बिनबियांची. वाईनचं द्राक्ष वेगळंच निघालं. बोराएवढंही नाही, साल जाड, आत बिया, पण गोडी अशी की दोन मणी खाल्ले की बोटं चिकट. तिथला माणूस एका छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स बघत होता. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर. ती बावीस-चोवीसच्या घरात आली की तोडणी. यीस्ट त्याच साखरेचं अल्कोहोल करतं. लाल वाईनचा रंग रसातून येत नाही, सालीतून येतो. म्हणून तांबडी करायची तर रस सालीसकट आंबवायचा आणि पांढरी करायची तर साल आधीच बाजूला काढायची. इतकी साधी गोष्ट, पण मला तोवर कोणी सांगितली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिथे समजली, जी शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला लगेच भिडते. युरोपात थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, वर्षभर वाढत राहतो. म्हणून आपले बागायतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. पीक मात्र एकदाच घ्यायचं, जानेवारी ते मार्च. तिकडे तोडणी उन्हाळा संपताना, आपल्याकडे थंडीत. पहाटेच्या गारव्यात तोडलेली द्राक्षं ऊन चढायच्या आत कारखान्यात पोचवायची धडपड असते. ओळींमध्ये वाकून काम करणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचे रुमाल आमच्या कापूस वेचणाऱ्या बायकांसारखेच बांधलेले होते. मला तिथून हलवेना.

महाराष्ट्रात हे सगळं फार जुनं नाही. ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फसफसणारी वाईन करायला घेतली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वेली लावल्या आणि २०००मध्ये त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं. म्हणजे आमच्या मुलांच्या वयाचीच ही शेती.

नागपूरला आम्ही शनिवारी सकाळच्या गाडीने पोचलो. सेवाग्रामहून तास-सव्वा तास. स्टेशनाजवळच मेट्रो धरली, सीताबर्डीला उतरून हॉटेलात सामान टाकलं. ताई मेट्रोत पहिल्यांदाच बसली होती, खिडकीला नाक लावून. दुपारचं जेवण कुठे, याबाबत तिच्या मनात शंका नव्हती. सावजी.

महाल या जुन्या वस्तीच्या बाजूला एका बोळात बारा-चौदा माणसं मावतील एवढं भोजनालय. सावजी जेवण हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांचं. १८७७मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, त्याआधीपासून हातमाग होतेच. माग आणि गिरण्या मागे पडत गेल्या तसं घरच्या बायकांच्या हातचं हे जेवण बाहेर आलं आणि अनेक कुटुंबं त्यावर उभी राहिली. भाजलेले धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, मिरे, सगळं पाट्यावर वाटल्यासारखं बारीक. जुन्या घरांतून ते जवसाच्या तेलात व्हायचं. रस्सा काळपट येतो, वर तेलाचा तवंग. आम्ही मटणाचा रस्सा आणि एक पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, घेतला, सोबत भाकरी, कांदा आणि लिंबू. चौथ्या घासाला ताईच्या कपाळावर घाम, सहाव्याला डोळ्यांत पाणी. पण हात थांबला नाही. वाढणारी बाई बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "पाणी नका पिऊ माय, भाकर खा." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पाणी ते तोंडभर पसरवतं, एवढंच.

तिथे वाईन नव्हती आणि नसावीच. त्या जेवणाला स्वतःचं असं सगळं आहे.

दुपारी झोप काढली. संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारली, मग शंकरनगर.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी मी आणि नवरा याच शहरात एका दुसऱ्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. एप्रिल होता. मी लाल वाईनचा एक ग्लास मागवला. आला तो कोमट, जवळजवळ चहासारखा, आणि नाकाशी नेला तर सिरक्याचा वास. बाटली कधी उघडली विचारलं तर कोणाला सांगता येईना. पैसे पूर्ण घेतले. त्या रात्री मी गप्प बसले याचं मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. उघडलेली वाईन हवेने हळूहळू बिघडते, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस धरते, बाहेर ठेवली तर त्याहून कमी. ग्लास मागवताना "बाटली आज उघडली का?" हे विचारणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे. आणि लाल वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची म्हणतात, ते रूम युरोपातल्या दगडी घराचं, सोळा-अठरा अंशांचं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. इथे लाल बाटलीसुद्धा प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये गेलीच पाहिजे. जानेवारीतली रात्र मात्र वेगळी. त्या शनिवारी बाहेर स्वेटर घालावा लागत होता.

यावेळी मी आधीच फोन करून विचारलं होतं. बाटली आमच्यासमोर उघडली. बूच नव्हतं, फिरकीचं झाकण होतं. पुष्कळांना वाटतं फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाईन. तसं नाही. ताज्या, फळांच्या वासाच्या पांढऱ्या वाईनला ते उलट चांगलं. वेटर पंचविशीतला पोरगा होता. त्याने थोडी माझ्या ग्लासात ओतली आणि थांबला. मी वास घेतला, घोट घेतला, मान हलवली. मग त्याने ताईकडे पाहिलं. ताई माझ्याकडे पाहत होती.

"घेऊन पाह्यतो," ती म्हणाली, "पण मले कोणी आग्रह नाही करायचा." मी कबूल केलं.

पहिल्या घोटाला तिचं तोंड आंबट झालं. "कैरीच्या पन्ह्यासारखं, पण गूळ कमी घातलेलं." मी तिला सांबारवडीचा घास घ्यायला सांगितलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून ठेवते. बेसनाच्या पातळ पोळीत कोथिंबीर, खोबरं, खसखस, लसूण, मिरची भरून गुंडाळी करायची आणि खरपूस तळायची. वडी तेलकट असते, असायलाच हवी. घासानंतर तिने दुसरा घोट घेतला आणि थांबली. तळणावर लिंबू पिळावं तसं ते काम करत होतं. तेलाचा थर जिभेवरून उतरला आणि आतलं खोबरं, खसखस पुन्हा नव्याने लागायला लागलं. ताई काही बोलली नाही. तिसरी वडी घेतली.

मग पाटोडी रस्सा आला, दुपारच्यापेक्षा पुष्कळ सौम्य, आणि मटण आलं. इथे मी एक प्रयोग केला. माझ्यासाठी एक ग्लास शिराज मागवला, लाल. शिराजला मिऱ्याचा वास असतो, आणि ती नुसती कल्पना नाही. रोटंडोन नावाचं जे द्रव्य काळ्या मिऱ्याला त्याचा वास देतं, तेच शिराजच्या सालीतही असतं. दुपारी ज्या बाईने आम्हाला वाढलं, तिच्या मसाल्यातले मिरे आणि या ग्लासातला वास यांच्यात एक खरंखुरं नातं आहे, हे कळल्यापासून मला ते लावून बघायचं होतं. कोरड्या भुन्या मटणासोबत जमलं, फार छान जमलं. मिऱ्याला मिरे भेटले. पण रस्स्याचा घास घेऊन वर शिराज घेतली, तर तोंडात जाळ झाला. कारण सरळ आहे. तिखट ही खरं तर चव नाहीच, उष्णता ओळखणाऱ्या नसांना मिरचीने दिलेला तो चकवा आहे, आणि अल्कोहोल त्याच नसांना आणखी डिवचतं. त्यात लाल वाईनचा तुरटपणा, कच्च्या जांभळासारखा, जीभ कोरडी करणारा. तिखटाला हवा गारवा आणि किंचित गोडवा. म्हणून आमच्या विदर्भी रस्स्यापुढे भारीतली लाल बाटली ठेवू नये. गार, थोडी गोडसर शेनिन ठेवावी. एवढं मी अनुभवाने छातीठोकपणे सांगते.

जेवता जेवता ताईने मला तो प्रश्न विचारला, जो ती विचारणार हे मला सीताबर्डीपासून माहीत होतं.

"ही दारूच ना?"

हो. दारूच. जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर वाद पेटला आणि वाईन म्हणजे दारू नव्हे, असं पुष्कळांनी सांगितलं. मला ते तेव्हाही पटलं नाही. शंभरात बारा-तेरा भाग अल्कोहोल असतं. व्हिस्कीत चाळीस-बेचाळीसच्या घरात असतं, पण कमी आहे म्हणजे नाही असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट म्हटलं की तब्येतीसाठी सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. हृदयाला चांगली म्हणून प्यावी, हे मी कोणाला सांगणार नाही. ताईला तर नाहीच.

मी तिला जे सांगितलं ते एवढंच. आपण जी दारू पाहिली ती लपून होती. अंधारात, उपाशीपोटी, घटाघट, घरच्यांपासून तोंड वळवून. तिच्यासोबत कधी ताट नव्हतं. ती प्यायची ती शुद्ध हरपायला. आणि ती फक्त पुरुषांची होती, बायकांच्या वाट्याला तिचे वळ तेवढे यायचे. आज उजेडात, भाकरी आणि मटणाच्या मधे, तू आणि मी दीड तासात एखाद-दुसरा ग्लास घेतोय, आणि जेवण आणखी नीट चाखता यावं म्हणून घेतोय. मला हे तुझ्यासोबत करायचं होतं. नवऱ्यासोबत केलं, मुलासोबत केलं, पण ज्या बाईने मडकी फोडली तिच्यासोबत बसल्याशिवाय माझं समाधान होत नव्हतं. मनात कुठेतरी मी तिच्यापासून चोरून काहीतरी करतेय असं वाटायचं.

ताईने भाकरीचा तुकडा मोडला, रस्स्यात बुडवला, खाल्ला. घाई नव्हती. मग म्हणाली, "तो पोरगा आता चाळिशीचा असंल. गोठ्यात झोपणारा." थोडं थांबून, "त्याच्यासमोर मी हे घेऊ शकली नसती छोटे. तुह्यासमोर घेतलं."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

तिने अर्धा ग्लास संपवला, अर्धा ठेवला. मी माझी शेनिन संपवली, शिराजचा तळाशी घोटभर राहिला. सातशे पन्नास मिलीच्या बाटलीत पाच ग्लास बसतात. आमची निम्म्याहून जास्त शिल्लक होती. वेटर पोराने बाटलीकडे पाहिलं.

"मॅडम, बाकीचीचं काय करायचं?"

ताईनेच उत्तर दिलं. शाळेत हजेरी घेताना द्यायची तशा आवाजात, मान ताठ. "आम्ही वर्ध्याच्या. आमच्याकडे चालत नाही."

पोराचा चेहरा एकदम उजळला. "वर्धा? मी सिंदी रेल्वेचा." मग पाच मिनिटं तान्ह्या पोळ्याच्या गप्पा झाल्या. सिंदीचा तान्हा पोळा आमच्या जिल्ह्यात नावाजलेला. लाकडी बैल, त्यांच्या झुली, यंदा पाऊस कसा आला वगैरे. त्याची आई बचत गटात आहे. तो इथे तीन वर्षांपासून काम करतो, पण स्वतः घेत नाही. "आईला कबूल केलं आहे," म्हणाला. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. भर रेस्टॉरंटात, टेबलाजवळ उभ्या असलेल्या, काळा एप्रन घातलेल्या त्या पोराच्या डोक्यावर. बिल आलं तेव्हा त्यासोबत बडीशेपेच्या दोन वाट्या आल्या.

रविवारी सकाळी कस्तूरचंद पार्काच्या बाजूला तर्री पोहे खाल्ले. चण्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा. संत्रा बर्फी घेतली, दोन किलो संत्री घेतली. दुपारच्या गाडीत खिडकीजवळच्या जागा मिळाल्या. बुटीबोरी गेलं, सिंदी आलं. ताई संत्र सोलत होती, सालीचा फवारा उन्हात उडत होता. सिंदीला गाडी मिनिटभर थांबली तेव्हा तिने फलाटाकडे निरखून पाहिलं, ओळखीचं कोणी दिसावं तसं.

गाडी सुटल्यावर तिने अर्धं संत्र माझ्या हातावर ठेवलं.

"नाशिकले द्राक्षं कवा तोडतात म्हणाली तू?"

"आत्ताच. मार्चपर्यंत."

ती बोटांवर मोजायला लागली. भाच्याचं लग्न, तूर काढणी, पेन्शनच्या कागदांची एक फेरी. "शिवरात्रीनंतर जमंल मले," म्हणाली, आणि बिया खिडकीबाहेर टाकल्या.